मानवी श्वसनसंस्था

मानवी श्वसनसंस्था ही हवेतील ऑक्सिजन रक्तापर्यंत पोहोचवणारी आणि शरीरात निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणारी अवयवसंस्था होय. नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, श्वसनी व तिच्या शाखा आणि दोन फुप्फुसे हे तिचे प्रमुख अवयव आहेत. बरगड्या, त्यांच्यामधील स्नायू आणि श्वासपटल हवा आत-बाहेर खेळवण्याचे काम करतात, तर मेंदूतील श्वसनकेंद्र या सर्वांचे नियमन करते.

शरीर अन्नाचा साठा चरबीच्या रूपाने काही आठवडे पुरेल इतका करू शकते. ऑक्सिजनचा तसा साठा त्याला करता येत नाही. प्रौढ व्यक्तीला विश्रांतीच्या अवस्थेत दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलीटर ऑक्सिजन लागतो. फुप्फुसे, रक्त व स्नायू यांत मिळून कोणत्याही क्षणी असणारा ऑक्सिजन मात्र दीड लीटरच्या आसपासच असतो आणि तोही सगळा वापरता येत नाही. त्यामुळे श्वास पूर्णपणे बंद पडल्यास चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना कायमची इजा होऊ लागते. या कारणाने श्वसनसंस्थेला बाहेरच्या हवेशी अखंड संबंध ठेवावा लागतो. परंतु हवा व रक्त यांची जेथे गाठ पडते तो पडदा अत्यंत पातळ व नाजूक असतो. हवा सतत आत घेणे आणि त्या पडद्याला जपणे, या दोन गरजांचा मेळ घालण्यासाठी श्वसनसंस्थेची बहुतेक रचना घडलेली आहे.

संज्ञा

'श्वसन' हा शब्द संस्कृतमधील 'श्वस्' या धातूपासून बनला आहे. 'विश्वास' आणि 'आश्वासन' हे शब्दही याच धातूपासून आले आहेत. हवा आत घेण्याच्या क्रियेस अंतःश्वसन किंवा श्वास आणि बाहेर सोडण्याच्या क्रियेस उच्छ्वास म्हणतात. योगशास्त्रात त्यांनाच अनुक्रमे पूरक व रेचक अशी नावे आहेत.

शास्त्रीय लेखनात श्वसन ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. फुप्फुसांत होणाऱ्या वायूंच्या देवाणघेवाणीस बाह्य श्वसन म्हणतात, तर पेशींमध्ये ऑक्सिजनच्या साहाय्याने अन्नघटकांपासून ऊर्जा मिळवण्याच्या प्रक्रियेस पेशीश्वसन म्हणतात. प्रस्तुत लेख मुख्यतः बाह्य श्वसनाविषयी आहे.

रचना

नाक व नासागुहा

नाकपुड्यांतून आत गेलेली हवा प्रथम नासागुहेत येते. मधल्या पडद्यामुळे या गुहेचे दोन भाग होतात. प्रत्येक भागाच्या बाहेरील भिंतीवर शिंपल्यासारखे वळलेले तीन उंचवटे असतात. त्यांच्यामुळे आतील पृष्ठभाग वाढतो आणि हवा सरळ न जाता वळणे घेत पुढे सरकते. या अवधीत रक्तवाहिन्यांनी समृद्ध असलेल्या अस्तरामुळे हवा उबदार व दमट होते. नाकातील केस व चिकट श्लेष्म यांत धुळीचे मोठे कण अडकतात. तोंडाने श्वास घेतल्यास हा संस्कार अपुरा राहतो. म्हणून नाकाने श्वास घेणे हितकर मानले जाते. नासागुहेच्या छतालगत गंधाचे ज्ञान देणाऱ्या पेशी असतात.

घसा

नासागुहेच्या मागे घसा (ग्रसनी) असतो. येथे हवेचा मार्ग आणि अन्नाचा मार्ग एकमेकांना छेदतात. हवा नाकातून खाली पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जाते, तर अन्न तोंडातून मागच्या बाजूच्या अन्ननलिकेत जाते. मानवी शरीरातील हे एक धोक्याचे वळण आहे. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वरतंतू एकमेकांजवळ येतात, अधिस्वरद्वार हे पानाच्या आकाराचे लवचीक झाकण खाली झुकते आणि क्षणभर श्वास थांबतो. जेवताना बोलल्याने वा हसल्याने हा क्रम बिघडला तर अन्नाचा कण भलत्या मार्गास लागून ठसका लागतो.

स्वरयंत्र

स्वरयंत्र हे कास्थींनी (कूर्चांनी) बनलेले असून त्यातील सर्वांत मोठ्या कास्थीचा उंचवटा प्रौढ पुरुषांच्या गळ्यावर बाहेरून दिसतो. त्यास कंठमणी म्हणतात. आत दोन स्वरतंतू असतात. उच्छ्वासाची हवा त्यांच्यामधून जाताना ते कंप पावतात आणि ध्वनी निर्माण होतो. माणसाची वाणी ही अशा रीतीने बाहेर पडणाऱ्या श्वासावरच उभी असते. तथापि उत्क्रांतीच्या दृष्टीने स्वरयंत्राचे मूळ कार्य आवाज काढणे हे नसून श्वासमार्गाचे रक्षण करणे हे आहे.

श्वासनलिका, श्वसनी व श्वसनिका

श्वासनलिका सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. तिच्या भिंतीत कास्थीची १६ ते २० अर्धवट कडी असतात. ती पुढच्या व दोन्ही बाजूंनी नळी उघडी ठेवतात. मागे, अन्ननलिकेच्या बाजूस, कड्यांची टोके जोडलेली नसल्याने घास खाली उतरताना अन्ननलिकेला फुगण्यास जागा मिळते.

छातीत श्वासनलिकेच्या दोन मुख्य शाखा होतात. त्यांना श्वसनी म्हणतात. उजवी श्वसनी डावीपेक्षा आखूड, रुंद व अधिक उभी असते. त्यामुळे चुकून आत गेलेला शेंगदाणा, मणी किंवा फळाची बी बहुधा उजव्या बाजूस अडकते. पुढे श्वसनींना शाखा व उपशाखा फुटत जातात. श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत असे सुमारे २३ वेळा विभाजन होते. एक मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या शाखांना श्वसनिका म्हणतात. त्यांच्या भिंतीत कास्थी नसते, अनैच्छिक स्नायू मात्र असतात. दम्यात हे स्नायू आकुंचन पावतात आणि त्यांना आधार देणारे कडे नसल्याने मार्ग अरुंद होतो.

फुप्फुसे व वायुकोश

छातीच्या पोकळीत हृदयाच्या दोन्ही बाजूंस एकेक फुप्फुस असते. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. हृदयाचा कल डावीकडे असल्याने डावे फुप्फुस काहीसे लहान असते. फुप्फुसांत स्वतःचे आकुंचन-प्रसरण घडवणारे ऐच्छिक स्नायू नसतात. त्यांचा पोत स्पंजासारखा असून ती अतिशय लवचीक असतात.

श्वसनिकांच्या टोकांशी द्राक्षांच्या घोसांप्रमाणे वायुकोशांचे पुंजके असतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि प्रत्येकाचा व्यास साधारणपणे ०.२ मिलिमीटर असतो. या सर्वांचा एकत्रित पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे जवळपास एकेरी बॅडमिंटनच्या मैदानाएवढा भरतो. हवा व रक्त यांमधील पडद्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकीच असते.

वायुकोशांच्या आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे हे सूक्ष्म कोश मिटून जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी भिंतीतील विशिष्ट पेशी पृष्ठताण कमी करणारा, मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचा बनलेला एक स्राव निर्माण करतात.

फुप्फुसावरण, छातीचा पिंजरा व श्वासपटल

प्रत्येक फुप्फुसाभोवती दुपदरी फुप्फुसावरण असते. एक पदर फुप्फुसास व दुसरा छातीच्या भिंतीस चिकटलेला असून दोहोंमध्ये द्रवाचा अगदी पातळ थर असतो. ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, पण सहज विलग होत नाहीत. तसेच या पदरांचे असते. त्यामुळे छातीची भिंत बाहेर सरकली की फुप्फुसही तिच्याबरोबर ताणले जाते. बरगड्यांच्या १२ जोड्या, पाठीचा कणा व उरोस्थी यांचा पिंजरा फुप्फुसांचे रक्षण करतो. छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा घुमटाकार स्नायू असतो.

कार्य

श्वासोच्छ्वासाची यंत्रणा

हवा फुप्फुसांत शिरल्यामुळे छाती फुगते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. छाती आधी फुगते आणि त्यामुळे हवा आत येते. श्वासपटल आकुंचन पावून खाली उतरते, बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात, छातीच्या पोकळीचे आकारमान वाढते, आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आत ओढली जाते. लोहाराचा भाता उघडताना हेच घडते. शांतपणे सोडलेल्या उच्छ्वासास स्नायूंचे बळ लागत नाही. ताणलेली फुप्फुसे आपल्या लवचीकपणामुळे पूर्वस्थितीत येतात. पळताना, खोकताना किंवा गाताना मात्र पोटाचे व बरगड्यांमधील स्नायू उच्छ्वासास साहाय्य करतात.

छातीस भोक पडून फुप्फुसावरणाच्या पदरांमध्ये हवा शिरल्यास ही सांगड तुटते आणि त्या बाजूचे फुप्फुस आक्रसते. अपघातात छातीस झालेली खोल जखम तातडीची समजली जाते, त्याचे हे एक कारण आहे.

फुप्फुसांची धारकता

निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेते. प्रत्येक वेळी सुमारे ५०० मिलिलीटर हवा आत येते. त्यांपैकी सुमारे १५० मिलिलीटर नाकापासून श्वसनिकांपर्यंतच्या नळ्यांतच राहते आणि देवाणघेवाणीस उपयोगी पडत नाही. यावरून उथळ व जलद श्वास का पुरत नाही, हे ध्यानात येते: श्वास लहान झाला तरी नळ्यांत वाया जाणारा भाग तेवढाच राहतो.

प्रौढ पुरुषाच्या फुप्फुसांत जास्तीत जास्त सुमारे ६ लीटर हवा मावते; स्त्रियांमध्ये हे प्रमाण काहीसे कमी असते. पूर्ण जोर लावून उच्छ्वास सोडला तरी सुमारे १.२ लीटर हवा आत राहतेच. ही धारकता मोजण्याचे श्वसनमापक उपकरण इंग्रज वैद्य जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये प्रसिद्ध केले.

वायूंची देवाणघेवाण

आत येणाऱ्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन व ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेर पडणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे १६ टक्के व कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो. म्हणजे उच्छ्वासातही पुष्कळ ऑक्सिजन शिल्लक असतो. तोंडाने दिलेल्या कृत्रिम श्वासाचा उपयोग होतो तो यामुळेच.

ही देवाणघेवाण विसरणाने होते. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. वायुकोशांतील ऑक्सिजनचा आंशिक दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, तर तेथे येणाऱ्या अशुद्ध रक्तातील सुमारे ४० मिलिमीटर असतो. म्हणून ऑक्सिजन रक्तात शिरतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब रक्तात सुमारे ४५ व वायुकोशांत सुमारे ४० मिलिमीटर असल्याने तो उलट दिशेने जातो. विश्रांतीच्या वेळी तांबडी पेशी फुप्फुसातील केशवाहिनीतून पाऊण सेकंदात पुढे जाते, आणि त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळातच देवाणघेवाण पूर्ण होते.

रक्तातून वहन

रक्तातील सुमारे ९८ टक्के ऑक्सिजन तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला जोडून नेला जातो. कार्बन डायऑक्साइडचा सुमारे ७० टक्के भाग बायकार्बोनेटच्या रूपाने वाहून नेला जातो. उरलेला भाग काही हिमोग्लोबिनला जोडलेला व काही रक्तद्रवात विरघळलेला असतो.

कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बंद खोलीत पेटती कोळशाची शेगडी ठेवून झोपणे, किंवा खेळती हवा नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर वापरणे प्राणघातक ठरते, ते यामुळे. अशा वेळी धाप लागेलच असे नाही; डोके दुखून, गुंगी येऊन माणूस बेशुद्ध होतो. बोटाला लावून ऑक्सिजन मोजणाऱ्या नेहमीच्या उपकरणास हा फरक ओळखता येत नाही आणि त्यावरील आकडा फसवा असू शकतो.

श्वसनाचे नियंत्रण

श्वासाची लय मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील चेतापेशी ठरवतात. तेथून निघालेले संदेश मानेच्या कण्यातून श्वासपटलाकडे जातात. म्हणून मानेच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झाल्यास श्वास बंद पडू शकतो.

श्वास घेण्याची तीव्र इच्छा मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने नव्हे, तर कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. जॉन स्कॉट हाल्डेन व जॉन गिलिस प्रिस्टली यांनी १९०५ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. ऑक्सिजन बराच कमी झाल्यास मानेतील रोहिण्यांजवळचे संवेदक मेंदूला सूचना देतात. या संवेदकांच्या कार्यासंबंधीच्या संशोधनासाठी कॉर्नेय हेमन्स यांना १९३८ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या नियमाचा एक गंभीर परिणाम पोहणाऱ्यांच्या बाबतीत दिसतो. बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतल्यास रक्तातील ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भारलेले असते. कार्बन डायऑक्साइड मात्र खूप कमी होतो. त्यामुळे श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि तोपर्यंत ऑक्सिजन संपत येऊन पोहणारा पाण्याखालीच बेशुद्ध होऊ शकतो. विहिरीत किंवा तलावात अधिक वेळ बुडून राहण्याच्या पैजा म्हणून धोक्याच्या ठरतात.

हृदयाच्या ठोक्यांवर माणसाला थेट हुकमत चालवता येत नाही. श्वासावर मात्र काही मर्यादेपर्यंत येते. प्राणायामाचा आधार हाच आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापून प्राणायामासह योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला.

संरक्षणव्यवस्था

श्वासमार्गाच्या अस्तरावर श्लेष्माचा थर व त्याखाली पक्ष्माभिका नावाचे सूक्ष्म केसासारखे प्रवर्ध असतात. त्यांच्या लयबद्ध हालचालीने धूळ व जंतू अडकलेला श्लेष्म हळूहळू घशाकडे ढकलला जातो आणि बहुधा नकळत गिळला जातो. तंबाखूच्या धुरामुळे ही हालचाल मंदावते व साचलेला कफ काढण्यासाठी वारंवार खोकावे लागते. वायुकोशांपर्यंत पोहोचलेले सूक्ष्म कण भक्षक पेशी गिळून टाकतात.

खोकला व शिंक या संरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. उचकी म्हणजे श्वासपटलाचे एकाएकी होणारे आकुंचन होय. त्याच क्षणी स्वरतंतू मिटल्याने विशिष्ट आवाज येतो.

नवजात बालकाचा पहिला श्वास

गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि त्याला ऑक्सिजन वारेतून मिळतो. जन्मानंतर पहिल्या श्वासांबरोबर हवा आत येते, द्रव शोषला जातो आणि फुप्फुसांकडे जाणारा रक्तप्रवाह एकदम वाढतो. वायुकोश उघडे ठेवणारा स्राव गर्भारपणाच्या साधारण ३४-३५ व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसा तयार होतो. त्याआधी जन्मलेल्या बालकांत तो कमी असल्याने प्रत्येक श्वासाला कष्ट पडतात. या विकाराचे कारण मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. मुदतपूर्व प्रसूतीचा संभव असताना मातेस स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बालकाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. हा स्राव बालकाच्या श्वासनलिकेत सोडण्याचा यशस्वी उपचार जपानमधील फुजिवारा यांनी १९८० मध्ये मांडला. या दोन उपायांनी असंख्य बालकांचे प्राण वाचले आहेत.

अभ्यासाचा इतिहास

तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यांनी रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांमार्गे डाव्या बाजूकडे येते, असे प्रतिपादन केले. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए यांनी श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन असल्याचे दाखवून दिले.

विकार

क्षयरोग बहुधा फुप्फुसांत होतो. त्याच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. योग्य औषधे पूर्ण मुदतीपर्यंत घेतल्यास तो सहसा बरा होतो. न्यूमोनियात वायुकोश द्रवाने भरतात. दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकारात (सीओपीडी) श्वासमार्ग अरुंद होतात व वायुकोशांच्या भिंती नष्ट होतात. धूम्रपानाबरोबरच लाकूड व गोवऱ्यांच्या चुलीचा धूर हे त्याचे महत्त्वाचे कारण असल्याने कधीही विडी न ओढलेल्या स्त्रियांनाही तो होतो. दगड फोडणाऱ्या व खाणीत काम करणाऱ्या कामगारांना सिलिकायुक्त धुळीमुळे सिलिकोसिस होतो. त्यात फुप्फुसांत पडलेले व्रण भरून येत नाहीत. म्हणून धूळ टाळणे हाच खरा उपाय ठरतो. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ दुर्घटनेत मिथिल आयसोसायनेट वायूने हजारोंच्या फुप्फुसांस इजा झाली.

श्वासमार्गात वस्तू अडकल्यास

अन्नाचा घास अडकलेली व्यक्ती खोकू शकत असेल तर तिला खोकू द्यावे. तिला बोलता किंवा खोकता येत नसल्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. त्याने वस्तू न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पोटावर पाच वेळा आत व वरच्या दिशेने झटका द्यावा आणि दोन्ही कृती आळीपाळीने चालू ठेवाव्यात. पोटावरील झटक्याची ही पद्धत हेन्री हाइमलिक यांनी १९७४ मध्ये मांडली. ती श्वासपटल वर ढकलून फुप्फुसांत उरलेल्या हवेच्याच जोराने वस्तू बाहेर फेकते. गरोदर स्त्रियांना पोटाऐवजी छातीवर झटके देतात. एक वर्षाखालील बालकाच्या पोटावर झटके देऊ नयेत. त्यास हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, कारण ती आणखी आत जाते. व्यक्ती बेशुद्ध झाल्यास छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे अथवा सुपारीचे खांड देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ठसका लागून मूल नंतर शांत झाले, तरी पुढे सतत खोकला किंवा छातीत एका बाजूस घरघर राहिल्यास वस्तू श्वसनीत अडकलेली असू शकते. अशा मुलास त्वरित रुग्णालयात नेणे आवश्यक असते. दुर्बिणीच्या साहाय्याने ती वस्तू काढता येते.